बाक, घड्याळ आणि मासा

आयोजकांनी पत्रिकेत आजच्या व्याख्यानाचं नाव 'सक्रिय वार्धक्य' असं छापलं आहे. नाव चांगलं आहे, पण मला बोलायचं आहे ते केवळ म्हाताऱ्यांबद्दल नाही. माणसांनी घराबाहेर पडावं, हातपाय हलवावेत, चार लोकांत मिसळावं, यासाठी वस्तू, यंत्रं, बागा आणि रस्ते कसे घडवावेत याचा अभ्यास गेली पन्नासएक वर्षं निरनिराळ्या नावांनी चालला आहे. अलीकडे त्याला डिझाइन रिसर्च म्हणतात. मी आयुष्यभर शिकवलं तत्त्वज्ञान. तेव्हा या गल्लीत मी कसा शिरलो, ते आधी सांगून टाकतो.

माझे एक स्नेही होते, म्हणजे आहेत, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. बारा वर्षं आम्ही रोज सकाळी दूध आणायला बरोबर जात होतो. जाताना गप्पा, येताना सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसून वाद. पिशवीतलं दूध तापायला लागलं की घरी. दोन वर्षांपूर्वी ते मुलीकडे बेंगळुरूला राहायला गेले. त्याच पावसाळ्यात बागेतले दोन्ही बाक काढून कमिटीने तिथे व्यायामाची यंत्रं बसवली, ज्याला आपण ओपन जिम म्हणतो. आणि त्याच वर्षी माझ्या मुलाने वाढदिवसाला मनगटावरचं घड्याळ पाठवलं. ते पावलं मोजतं. दहा हजार झाली की थरथरतं आणि पडद्यावर फटाके उडतात.

एका रात्री साडेनऊ वाजता मी दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात अशा फेऱ्या मारत होतो, कारण अकराशे पावलं कमी पडत होती. आमची ही मालिका बघत होती. म्हणाली, "अहो, टीव्हीसमोरून आणखी किती वेळा जाणार आहात?" तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की हा दहा हजारांचा आकडा कुणी ठरवला?

उत्तर गमतीचं आहे. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं. व्यायामाची हवा होती. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, यामासा नावाच्या जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मान्पो-केई'. म्हणजे 'दहा हजार पावलांचं मापक'. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता. तो प्रयोगशाळेतून आलेला नाही, विक्रीच्या नावातून आलेला आहे. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांची पावलं प्रत्यक्ष मोजून अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं, म्हणजे माझ्याच पंगतीतल्या. दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फायदा दिसेनासा झाला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्या मुळात धडधाकट त्याच जास्त चालत असतील, ही शंका उरतेच. पण माझे अकराशे फेरे निष्कारण होते, एवढं त्यावरून कळलं.

आता हे घड्याळ आलं कुठून? माझ्या मनगटावर बसून मला टोचणारी ही जी कल्पना आहे, तिच्यावर २००६ च्या सुमारास बरंच काम झालं. त्यातले दोन अभ्यास मला फार बोलके वाटतात.

पहिला सिएटलचा. सनी कन्सोल्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाइलवर चालणारी एक व्यवस्था तयार केली, नाव 'ह्यूस्टन'. मैत्रिणींचे तीन गट घेतले, एकूण तेरा बायका. प्रत्येकीला पावलं मोजणारं यंत्र दिलं आणि फोनवर आपले आकडे एकमेकींना दिसतील, त्यावर चार शब्द लिहिता येतील अशी सोय केली. तीन आठवडे हे चाललं. तेरा म्हणजे किती थोड्या, असं वाटेल. पण या अभ्यासाचा हेतू सिद्ध करण्याचा नव्हताच, शिकण्याचा होता. तुम्ही वस्तू बनवता, माणसांच्या हातात देता आणि कुठे बोचतं ते बघता. चपला शिवणारा जसं पहिल्यांदा घालून चालायला लावतो, तसं.

आणि बोचलं कुठे? एक तर श्रेय. तुम्ही सायकल चालवली, पण यंत्राच्या लेखी तुम्ही बसून होतात, कारण पाऊल पडलं नाही. घाम गाळावा आणि हिशेबात शून्य यावा, याचा राग येतो. दुसरं, ते यंत्र कमरेला लावायचं. ज्या कपड्यांना कंबरपट्टाच नाही तिथे ते अडकवायचं कुठे? पुरुषांनी घडवलेल्या किती वस्तूंत हा प्रश्न कुणी विचारतच नाही! तिसरं, मैत्रिणींचे आकडे दिसले की हुरूप येतो तसं दडपणही येतं. कन्सोल्वोंनी शेवटी चार अपेक्षा मांडल्या: माणसाला त्याच्या श्रमाचं नीट श्रेय द्या, आपण किती हललो याचं भान द्या, सोबत्यांचा आधार मिळू द्या आणि माणसाच्या रोजच्या आयुष्यातल्या अडचणी ध्यानात घ्या. वाचायला साध्या वाटतात. पण यातल्या तीन गोष्टी माझं घड्याळ आजही धड करत नाही.

दुसरा अभ्यास त्याच वर्षीचा, न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनचा. नाव 'फिश अँड स्टेप्स'. सीमेन्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९ जणांवर चौदा आठवडे झाला. प्रत्येकाला पडद्यावर एक मासा मिळाला. तुम्ही चाललात की मासा मोठा होतो, आनंदी दिसतो. चालला नाहीत की मासा उदास. काही जणांचे मासे एकाच टाकीत चार-चार असे ठेवले, म्हणजे आपला मासा शेजाऱ्यालाही दिसतो. कल्पना किती गोड आहे! आणि लोक चाललेही, हे मान्य केलं पाहिजे. काहींच्या सवयी खरोखर बदलल्या. पण एक गोष्ट झाली, जी मला विसरता येत नाही. ज्यांचा मासा उदास झाला, त्यांच्यापैकी काहींनी चालणं वाढवण्याऐवजी माशाकडे बघणंच टाळलं.

तुम्ही हसताय, पण आपण सगळे हे करतो. भावाशी अबोला झाला की त्याच्या घरावरून जाणारा रस्ता टाळतो. वजन वाढलं की वजनकाटा पलंगाखाली जातो. हिशेब ठेवणाऱ्यापासून माणूस तोंड लपवतो.

इथे माझ्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट मला आठवते. पूर्वमीमांसेच्या जैमिनीसूत्रांचे बारा अध्याय आहेत आणि शेवटच्या अध्यायाचा विषय 'प्रसंग' आहे. आपण मराठीत प्रसंग म्हणतो त्या अर्थाने नव्हे. एका कामासाठी केलेल्या कृतीने दुसरंही काम आपसूक होतं, त्याला मीमांसक प्रसंग म्हणतात. शबरस्वामी भाष्यात दाखला देतात तो असा: वाड्यात दिवा लावला, त्याचा उजेड बाहेरच्या राजरस्त्यावरही पडला. रस्त्यासाठी दिवा कुणी लावला नव्हता. पण वाटसरूला दिसलं. यज्ञाच्या खटाटोपात या तत्त्वाचा उपयोग कशासाठी होता, ते सांगत बसलो तर आपल्याला रात्र होईल. आपल्याला दिवा पुरे.

पाश्चात्त्य विचारवंतांत जॉन एल्स्टर यांनी १९८३ मध्ये याच्या जवळ जाणारा मुद्दा मांडला. काही अवस्था अशा असतात, की त्या दुसऱ्या कशाच्या तरी ओघातच येतात. थेट त्यांच्याच मागे लागलं की हाती लागत नाहीत. झोप, उदाहरणार्थ. 'आता मला झोपलंच पाहिजे' असं म्हणून कुणाला झोप आली आहे? माझं म्हणणं असं, की मैत्री ही त्या जातीची गोष्ट आहे आणि रोजचं चालणं बहुतेकांसाठी शबरस्वामींच्या उजेडासारखं आहे. गणिताच्या प्राध्यापकांबरोबर मी बारा वर्षं चाललो तो आरोग्यासाठी नाही. दुधासाठी, आणि खरं म्हणाल तर वादासाठी. त्या दिव्याचा उजेड गुडघ्यांवर पडत होता. घड्याळाने काय केलं, तर वाडा पाडला आणि रस्त्यावर नुसता उजेड मागितला.

लंडनच्या जेरी मॉरिस यांचा १९५३ चा प्रसिद्ध अभ्यासही असाच आहे. दुमजली बसमधले ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. रोजच्या पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. एकच कंपनी, एकाच थरातली माणसं, पण हृदयविकार कंडक्टरांत कमी. पुढे मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापंसुद्धा तपासली. ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कमरेने रुंद असतात का, हे बघायला. (असतात, असं निघालं. म्हणून त्यांनी आपला निष्कर्ष नंतर जपून मांडला. संशोधक असावा तर असा.) मला त्यातलं एवढंच हवं आहे, की त्या कंडक्टरांपैकी एकही जण व्यायाम म्हणून जिना चढत नव्हता. तो तिकिटं फाडत होता.

मग कुणी विचारेल, की जी गोष्ट ओघातच घडते तिच्यासाठी रचना करणार तरी कशी? फार रास्त प्रश्न आहे. याचं सर्वांत चांगलं उत्तर मला न्यूयॉर्कच्या विल्यम व्हाइट यांच्याकडे सापडलं.

१९६१ मध्ये न्यूयॉर्क शहराने नियम केला: इमारतीसमोर लोकांसाठी मोकळं पटांगण सोडा, वर जास्त मजले बांधू देऊ. बिल्डरांनी धडाधड पटांगणं सोडली. बहुतेक ओस. काही मात्र दुपारी माणसांनी फुललेली. असं का? १९७० च्या दशकात व्हाइट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या गच्च्यांवर कॅमेरे लावले, ठरावीक अंतराने चित्रं घेत राहिले आणि माणसं मोजत बसले. कुठे थांबतात, कुठे बसतात, किती वेळ. आधी वाटलं ऊन महत्त्वाचं असेल. मग वाटलं पटांगणाचा आकार, क्षेत्रफळ. काहीच जुळेना. शेवटी जुळलं ते हे: जिथे बसायला जागा आहे, तिथे माणसं बसतात. एवढंच! इतक्या खटपटीनंतर इतकं उघड उत्तर निघावं, याचं त्यांना स्वतःलाच ओशाळं वाटलं. पण उघड होतं तर मग पटांगणं ओस का होती? कारण कट्ट्यांवर लोखंडी खिळे होते, कठडे बसता येणार नाही अशा उंचीचे होते. १९७५ मध्ये शहराने नियम सुधारला आणि बसण्याची जागा सक्तीची केली. हा सगळा अभ्यास १९८० मध्ये पुस्तक आणि चित्रपट अशा दोन्ही रूपांत आला.

त्यातल्या दोन गोष्टींवर मी रेंगाळणार आहे.

एक म्हणजे सुटी खुर्ची. व्हाइट यांनी टिपलं, की माणूस सुट्या खुर्चीपाशी येतो, ती दोन-चार इंच सरकवतो, कधी कधी परत होती तिथेच आणतो आणि मग बसतो. ऊन-सावलीचा काही संबंध नसतो. व्हाइट म्हणतात, या सरकवण्यात माणूस आपलं स्वातंत्र्य सांगत असतो. मला हे वाचून अक्षरशः आनंद झाला. कांटवरचे माझे तासच्या तास या चार इंचांत आले असते! खुर्ची तुम्हाला ओळखत नाही, तुमचा हिशेब ठेवत नाही, उदास होत नाही. ती फक्त म्हणते, हवं तर बसा, हवं तिकडे तोंड करून बसा. माशाची रचना आणि खुर्चीची रचना यांत हा फरक आहे. दोन्ही तुम्हाला बाहेर काढू पाहतात. एक तुम्हाला साधन बनवून, दुसरी तुमच्या हाती साधन देऊन. व्हाइट यांच्याच सल्ल्यावर न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क, जे एकेकाळी अमली पदार्थांच्या विक्रीसाठी कुप्रसिद्ध होतं, १९९२ मध्ये नव्याने खुलं झालं आणि तिथे अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या. चोरीला जातील ही भीती सगळ्यांनी घातली होती. आज हजारो आहेत.

दुसरी गोष्ट 'नको असलेली माणसं'. पटांगणाच्या मालकांना बाक का नको होते? भिकारी, दारुडे, रिकामटेकडे येऊन बसतील म्हणून. व्हाइट यांचं उत्तर असं, की त्यांना पळवून लावण्यासाठी जागा गैरसोयीची केली की ती सगळ्यांनाच गैरसोयीची होते, आणि मग तिथे उरतात ते तेच. जागा इतरांनी भरली पाहिजे, हाच त्यावर उपाय. आमच्या कमिटीने बाक का काढले माहीत आहे? 'संध्याकाळी टवाळ पोरं बसतात.' न्यूयॉर्कचा बिल्डर आणि आमचे सेक्रेटरी यांचं असं अनवधानाने एकमत झालेलं आहे.

बाकाचं एवढं काय घेऊन बसलात, असं कुणाला वाटत असेल तर एक हिशेब सांगतो. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची भयंकर लाट आली आणि सुमारे ७३९ माणसं दगावली. पुष्कळशी वृद्ध, एकटी राहणारी. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली. एकट्या वृद्धांचं आणि गरिबांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूंचं प्रमाण लाखाला ४०. साउथ लॉनडेलमध्ये लाखाला ४. दहापट फरक! क्लिनेनबर्ग म्हणतात, पहिल्या वस्तीतली दुकानं बंद पडली होती, घरं पडीक होती, पदपथ ओस आणि भीतिदायक. म्हातारी माणसं दारं-खिडक्या लावून आत बसली आणि आतच गेली. दुसऱ्या वस्तीत रस्त्यावर दुकानं, वर्दळ, ओळखीचे चेहरे. तिथला एकटा म्हातारा उकाड्यात खाली उतरला, दुकानात थंडाव्याला बसला. आणि उतरला नाही तर कुणाच्या तरी लक्षात आलं. पुढे मिचेल डुनियर या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने यावर आक्षेप घेतला, की वस्तीच्या आकड्यांवरून एकेक माणूस का गेला हे ठरवता येत नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण समोरचं दुकान चालू असणं ही एखाद्याच्या जिवाची गोष्ट असू शकते, ही शक्यता एकदा डोक्यात शिरली की मग बाकाकडे लाकडाची फळी म्हणून बघता येत नाही.

ओपन जिमला माझा विरोध नाही. पहाटे काही तरुण मंडळी त्यावर मनापासून घाम गाळतात. पण व्हाइट यांची नक्कल करून मी आठ दिवस गच्चीवरून वही घेऊन बघितलं. दुपारी चार ते सात या वेळात त्या यंत्रांचा सर्वाधिक उपयोग कशासाठी झाला, तर बसायला. पाय पुढे-मागे करण्याच्या त्या यंत्राच्या आसनावर दोन आजोबा एकमेकांकडे पाठ करून बसून, माना वळवून बोलत होते. आता माझ्यासह चौघांनी घरची एकेक प्लास्टिकची खुर्ची आणून वॉचमनच्या केबिनमागे ठेवली आहे. पाच वाजता काढतो, सात वाजता ठेवतो. घड्याळ अजून मनगटावर आहे, कारण मुलाने दिलंय आणि वेळ बरोबर दाखवतं.

इथे मी थांबणार होतो. पण पहिल्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. 'सर, तुमच्या सगळ्या गोष्टीत बाकावर पुरुष बसलेले आहेत. बायकांचं काय?'

बाई, तुम्ही मला बरोबर पकडलंत. मुंबईवरचं एक महत्त्वाचं पुस्तक आहे, 'व्हाय लॉइटर?', शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं, २०११ चं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या शहरात बाईला बाहेर असण्यासाठी कारण लागतं. ती कामाला चालली असेल, मुलाला आणायला चालली असेल, हातात पिशवी असेल, तर ठीक. काही न करता नुसतं उभं राहणं, रेंगाळणं, हा हक्क तिला मिळालेला नाही, आणि तो मागितला पाहिजे. म्हणजे मी ज्या 'ओघात' घडण्याचं एवढं गुणगान केलं, तो ओघ बाईच्या बाबतीत सक्तीचा परवाना होतो. मला दूध आणणं हे निमित्त होतं. तिला निमित्ताशिवाय दारच उघडत नाही.

ही चिठ्ठी येण्याआधी, मागच्याच आठवड्यात मी हिला म्हटलं, "तू येत जा की संध्याकाळी खाली." ती म्हणाली, "तिथे येऊन करू काय? तुमचे वाद ऐकू?" वहीत परत बघितलं. साडेपाचला फाटकाशी भाजीची गाडी येते. तिथे सहा-सात बायका उभ्या असतात. भाजी घेऊन होते पाच मिनिटांत. उभ्या राहतात चाळीस मिनिटं. त्यातल्या तिघींचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत, हिचे धरून. आमच्या चार खुर्च्या तिथून तीस-पस्तीस पावलांवर आहेत आणि या आठ दिवसांत त्यांच्यापैकी एकही त्या खुर्च्यांवर येऊन बसली नाही, आम्हीही कधी बसा म्हटलं नाही. आता दोन खुर्च्या गाडीपाशी ठेवून बघायच्या, असं ठरवलंय. भाजीवाल्याला विचारलं, त्याची हरकत नाही. सेक्रेटरींना अजून विचारलेलं नाही.